युरियाच्या पोत्यातलं लोखंड: जुन्या ट्रॅक्टरचे अनोळखी पार्ट ओळखताना

जुना ट्रॅक्टर घेतला की सोबत एक पोतं येतं. बहुतेक वेळा युरियाचं, तळाशी तेलाने काळं झालेलं. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "साऱ्या वस्तू यातच हायेत भाऊ, एक नट बाहेर गेला नाही." यावर निम्माच विश्वास ठेवायचा. पोत्यात ट्रॅक्टरचे पार्ट असतात तसे थ्रेशरचे, डिझेल पंपाचे, कधी बैलगाडीच्या आसाचेही निघतात.

आयटीआयला मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर हा वर्षाचा ट्रेड करून पोरं यवतमाळकडच्या आमच्या वर्कशॉपला येतात. इंजिन उघडायला ती घाबरत नाहीत. पोतं उलटं केलं की मात्र गप्प होतात, मोबाइल काढतात आणि फोटो जुळवत बसतात. फोटोवरून क्वचितच काही कळतं. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कुठे घासली आहे हे पाहायचं.

म्हणून आल्या आल्या पार्ट धुवायचे नाहीत. घाणच पत्ता सांगते. काळी माती थरावर थर चिकटलेली असेल तर पार्ट बाहेरचा, बहुधा मागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खालचा. नव्वद नंबर ऑइलचा उग्र, गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्स किंवा हौसिंगमधला. डिझेलचा पिवळट चिकट थर असेल तर पंप, फिल्टर, नोजल यांच्या आसपासचा. क्लच-ब्रेकजवळची कोरडी काळी भुकटी दिसली तर तिच्यावर कंप्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा.

मग चकाकी शोधा. एखाद्या लिव्हरचं एक भोक आरशासारखं आणि दुसरं गंजलेलं असेल, तर चकचकीत भोकात पिन फिरत होती आणि गंजलेल्यात बोल्ट घट्ट बसला होता. भोक एकाच बाजूने लांबट झालं असेल तर ओढ त्या दिशेला होती. एवढ्यावरून पार्टची उलट-सुलट बाजूही ठरते.

आटे हा वेगळाच घोळ. एस्कॉर्ट्सचा फोर्ड ३००० आणि एचएमटीचा झेटर, दोन्ही १९७१ साली हरियाणातल्या कारखान्यांतून निघू लागले. पहिल्याचे नट-बोल्ट इंचात, दुसऱ्याचे मिलिमीटरमध्ये. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिमी जाडीचा, आठचा बोल्ट ८ मिमीचा. डोळ्याला फरक दिसत नाही. नट दोन फेरे गोडीगुलाबीने जातो आणि अडकतो. तिथे पान्याला पाइप लावून जोर काढणाऱ्याला मी वर्कशॉपमधून बाहेर बसवतो. आटे मोजायचा गेज फार महाग नसतो, तो आधी घ्या. गेज नसेल तर बोल्टचं डोकं बघा: ८.८ असा आकडा म्हणजे मिलिमीटर, मध्यातून बाहेर जाणाऱ्या तीन किंवा सहा रेघा म्हणजे इंच.

बेअरिंगचं सोपं आहे. ६२०५ मधल्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, २५ मिमीचा शाफ्ट. ६३०५ चा शाफ्टही तेवढाच, पण बाहेरचा व्यास ५२ ऐवजी ६२. बिडाच्या पार्टवर उठून आलेला नंबर मात्र फसवा. तो बहुधा ओतकामाचा असतो, पार्ट नंबर नव्हे. एकाच ओतीव तुकड्यातून वेगवेगळी भोकं पाडून दोन-तीन पार्ट होतात. दुकानात तो नंबर सांगून उपयोग नाही. जुना पार्ट आणि ट्रॅक्टरच्या प्लेटवरचा नंबर, दोन्ही घेऊन जा.

एका फोर्ड ३००० च्या पोत्यात बोटभर लांबीची एक वस्तू निघाली होती. मधे आटे, एका टोकाला भोकांचं टोपण आणि आत तारेचं वेटोळं, दुसऱ्या टोकाला बारीक नळीचं तोंड आणि वायरचा स्क्रू. डिझेल फवारणारं नोजल म्हणावं तर वायर कशाला, विजेवर तापणारा ग्लो प्लग म्हणावं तर डिझेल कशाला? इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डवर एका भोकात कुणीतरी बोल्ट मारून ठेवला होता. त्याचे आटे जुळले. तो थर्मोस्टार्ट होता. तार तापली की आतली झडप उघडते, थेंब थेंब डिझेल तारेवर पडून पेटतं आणि इंजिनात गरम हवा जाते. थंड मुलखातली सोय. आपल्याकडे पौषातल्या एखाद्या पहाटेपुरतं तिचं काम, म्हणून कुणीतरी काढून टाकली. तेव्हापासून मी पोत्याआधी ट्रॅक्टरवरचे मारलेले बोल्ट आणि बुचं शोधतो.

तरीही काही तुकडे कुठेच बसत नाहीत. अशा वेळी विचारा, हा कंपनीचा की लोहाराचा? ट्रकच्या पाट्याची पट्टी, गॅस कटरने पाडलेलं वाकडं भोक, वेल्डिंगची गाठ दिसली तर गावातच घडलेला. तो पुस्तकात सापडणार नाही. चांगला बसत असेल तर मी राहू देतो. स्टिअरिंग, ब्रेक आणि टॉप लिंकची (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याची) पिन इथे मात्र लोहारकाम चालवून घेत नाही.

आणि ज्यांनी तो ट्रॅक्टर चालवला त्या काकाजींना गाठा. नाव विचारू नका, पार्ट हातात द्या. ते तो उलटसुलट करतात, एका बाजूने धरतात आणि म्हणतात, "हे तं शिटाखाली लागे, नांगर जास्त खोल गेला का हे हालवाचं." नाव त्यांना कधीच ठाऊक नव्हतं, जागा बिनचूक सांगतात.

एवढं करून जे उरेल त्याला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवा. जोडणीच्या वेळी रिकामं भोक समोर आलं की त्यातलं एखादं लागतंच. थ्रेशरचं निघालं तर थ्रेशरवाल्याला द्या, तोही कुठे तरी शोधतच असेल.