नाताळच्या टपाल तिकिटावरच्या देवदूताचं वाद्य कसं ओळखावं

वाद्य वाजवणाऱ्या देवदूतांची टपाल तिकिटं जमवायची असतील तर जानेवारी लागला की शेजारीपाजारी नाताळच्या कार्डांची रिकामी पाकिटं मागून ठेवा. गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी पोर्तुगालला, इंग्लंडला नाहीतर कॅनडात असतं, तिकिटं आपोआप जमतात. गोंदाची तिकिटं साध्या पाण्यात सोडवा. स्टिकरवाली भिजवू नका, मागच्या कागदासकट कापा.

खरी मेहनत आल्बममध्ये वाद्याचं नाव लिहिताना आहे. तिकिटावर छापलेल्या पंधराव्या शतकातल्या चित्राखाली ‘देवदूत आणि गिटार’ लिहिलेलं दिसलं की जीव तुटतो. आजची गिटार तेव्हा होतीच कुठे? ‘भिंग जितकं मोठं तितकं बरं’ हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. पाचपट भिंग पुरे. दहापट भिंगाखाली बहुतेक तिकिटांवर छपाईचे ठिपके तेवढे दिसतात, तारा हरवतात. त्यापेक्षा मूळ चित्र ज्या संग्रहालयात आहे त्याच्या संकेतस्थळावर ते उघडा आणि आधी त्याचं साल बघा. व्हायोलिन घडलं सोळाव्या शतकात, उत्तर इटलीत. त्याआधीच्या चित्रात हातात गज, म्हणजे तारांवर घासायची काठी, असेल तर ‘व्हायोलिन’ लिहायचं नाही. पेअरसारखं अंग निमुळतं होत मानेत मिसळलं असेल तर रेबेक. मान वेगळी उठून दिसत असेल तर फिडल.

गज नसेल तर खुंट्यांकडे बघा. खुंट्यांचं डोकं जवळजवळ काटकोनात मागे वळलेलं असेल तर ती लूट, तारा छेडून वाजवायचं जुनं वाद्य. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं येशूजन्माचं चित्र, ज्यात देवदूतांच्या हातात लूट आहे, समोर ठेवून डोळा तयार करा. एक हात पट्ट्यांवर, दुसरा मागच्या भात्यावर आणि वर नळ्यांची रांग, हा हातातला छोटा ऑर्गन. पुढे पसरत गेलेलं तोंड आणि ओठांत पत्ती, तो शॉम, आपल्या सनईच्या भावकीतला.

वाद्य तिकिटावरच दिसलं पाहिजे, यात मी तडजोड करत नाही. अमेरिकेच्या १९६६ च्या नाताळ तिकिटावर हान्स मेमलिंगच्या चित्रातली मरिया आणि बाळ येशू आहेत. हार्प वाजवणारा देवदूत मात्र वॉशिंग्टनमधल्या मूळ चित्रातच राहिला. असं तिकीट या संग्रहात घेऊ नका.

तिकिटाखाली देश, साल, चित्रकार, चित्र आणि वाद्य लिहा, तेही पेन्सिलीने. आल्बम पावसाळ्यात उभा ठेवा. आडव्या गठ्ठ्यात दमट हवेने पानं चिकटतात.