आईचा कुर्ता, छाती चाळीस, तरी पाठीत घट्ट

आईची छाती ३६ इंच. कुर्ता मी ४० चा शिवला, म्हणजे ४ इंच सैल. तरीही कणीक मळताना पाठीत आवळतो म्हणाली. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलला की आणखीच.

टेप गुंडाळून फक्त एकूण घेर कळतो. घेर आणि मोकळी जागा वेगळी. कापड सगळीकडून सारखं सुटलं असतं, तर ४ इंच भागिले ६.२८ (घेरावरून त्रिज्या काढतो तसं, २ गुणिले ३.१४), म्हणजे जेमतेम दोन तृतीयांश इंच जागा. पण सारखं सुटतं कुठे?

मग कुर्ता आईच्या अंगावरच ठेवून मोजलं. मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या जागेच्या) जरा खाली सैल कापड चिमटीत धरायचं, अंगालगत टाचणी लावायची आणि घडीची उंची पट्टीने मोजायची. घडीत कापड दुहेरी असतं, म्हणून आकडा दुप्पट करायचा. (टाचणी लावताना आतून आपलं बोट ठेवा.) पुढे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंचाची घडी आली, म्हणजे ३ इंच. पाठीत चिमटीत कापड येईचना! हात पुढे घेतल्यावर तर काहीच नाही. आईची पाठ जरा वाकलेली आहे, तेच कारण.

बाजूला एक इंच माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडली होती, तीच कामी आली. बाजूच्या शिवणी उसवून मागचा भाग दोन्हीकडे अर्धा इंच सोडला, पुढचा तेवढाच आत घेतला. बाहीची शिवणही अर्धा इंच पुढे सरकवावी लागली. घेर चाळीसच राहिला. काल आईने तोच कुर्ता घालून पुरणपोळ्या लाटल्या.