मोफत सल्ला केंद्रावर बसताना: आधी पिशवीतले कागद बघा

रविवारी सकाळी समाजमंदिरात किंवा वाचनालयाच्या एखाद्या खोलीत टेबल टाकून चालणारं मोफत सल्ला केंद्र. येणारी माणसं साधारण ठरलेली असतात. निराधार योजनेचे पैसे थांबलेली आजी, रेशनकार्डातून नाव उडालेली सून, ठेकेदाराने मजुरी बुडवलेला बिगारी. नव्या स्वयंसेवकाची भीतीही ठरलेली: "मला कायदा कुठे येतो?" कायदा लागतो, पण वाटतो त्यापेक्षा बराच कमी. कागद वाचता येणं, त्यावरची तारीख शोधणं आणि माणूस उठून जाताना त्याच्या हातात काय आहे हे बघणं, एवढं जमलं की अर्ध्याहून अधिक कामं सुटतात.

काम सुरू करायचे दोन रस्ते आहेत. एखाद्या संस्थेच्या केंद्रावर थेट जाऊन बसायचं, किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक (पीएलव्ही) म्हणून अर्ज करायचा. दुसऱ्या रस्त्यात प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं, नेमलेल्या दिवसाचं थोडं मानधनही. वकील असण्याची अट कुठेच नाही. पहिले चार रविवार मात्र जुन्या माणसाच्या शेजारी बसून फक्त ऐकायचं आणि नोंदवही लिहायची. घाई केली की चुकीची सवय लागते, आणि ती नंतर सुटत नाही.

टेबलावर काय हवं

आवक-जावक नोंदवही, कार्बन लावून दोन प्रती निघतील असं चिठ्ठ्यांचं पॅड, स्टेपलर, तारखेचा शिक्का, अंगठ्यासाठी शाईचं पॅड, बारीक छापलं वाचायला भिंग, दहा-दहा रुपयांची थोडी कोर्ट फी तिकिटं. खुर्च्या तीन: एक आपली, एक येणाऱ्याची, एक सोबत आलेल्याची. ही तिसरी जरा मागे ठेवावी, नाहीतर आईचा प्रश्न मुलगाच सांगत बसतो. रांगेतल्यांना बोलणं ऐकू जाणार नाही इतकं अंतर ठेवा. एका माणसाला २५ ते ३० मिनिटं धरा. तीन तासांत सहा-सात जण झाले की पुरे. बारा जण उरकले म्हणणाऱ्या केंद्रावर निम्मे लोक पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न घेऊन परत येतात.

ऐकणं आणि पिशवी

पहिली पाच मिनिटं फॉर्म पुढे करू नका. माणूस जे आधी सांगतो ते बहुतेक वेळा खरं कारण नसतं, कुणीतरी त्याला सांगितलेलं कारण असतं. "तलाठ्याने नाव कापलं" असं येतं, आणि पिशवीतून निघतं बँकेचं केवायसीचं, म्हणजे ओळखीचे कागद पुन्हा मागणारं, पत्र. म्हणून ऐकून झालं की सगळे कागद टेबलावर काढायला सांगा आणि तारखेच्या क्रमाने लावा. मूळ प्रत आपल्याकडे ठेवायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. आधारचा फोटो आपल्या फोनमध्ये काढायचा नाही. ओटीपी आला तर त्यांचा फोन त्यांच्याच हातात राहू द्या, आकडाही त्यांनीच टाकायचा.

एक प्रकरण सविस्तर बघू, कारण हे सतत येतं. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे बंद झाले. आधी पासबुक छापून आणायला सांगा, तोंडी महिना धरू नका. शेवटची जमा कोणत्या महिन्याची हे कळलं की शोध सोपा होतो. मग या क्रमाने तपासा.

पैसे भलत्याच खात्यात जात आहेत का? आता अनुदान डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात येतं, आणि कोणत्या खात्यात ते आधार क्रमांकावरून ठरतं. "माझं खातं आधारला लिंक आहे" या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. खात्याची केवायसी आधारने झालेली असणं ही एक. अनुदानासाठी तीच बँक एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) यादीत त्या आधार क्रमांकासमोर लागलेली असणं ही दुसरी. या यादीत एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. बचत गटासाठी नवं खातं उघडलं, फॉर्मवरच्या एका चौकटीत कुणीतरी खूण केली, आणि पैसे तिकडे वळले; आजी मात्र जुन्याच बँकेत हेलपाटे घालते. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिलं की बँकेचं नाव दिसतं. त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला लागतो. नसेल तर आधी आधार केंद्र गाठावं लागतं. तिथे मोबाइल बदलायला कागद लागत नाही, बोटाचा ठसा मात्र लागतो.

बँक बरोबर असेल तर बघा खातं निष्क्रिय झालंय का, केवायसी राहिलीय का. तेही ठीक असेल तर तहसील कार्यालयातली संजय गांधी शाखा. तिथे तीन कारणं नेहमीची: हयातीचा दाखला दिलेला नाही, उत्पन्नाचा दाखला नवा जोडलेला नाही, किंवा आधार आणि योजनेच्या यादीतलं नाव जुळत नाही. उत्पन्नाचा दाखला साधारणपणे ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही गर्दी वाढते. वय ६५ झालं की प्रकरण निराधारमधून श्रावणबाळमध्ये जातं, त्या बदलातही एखादा महिना अडकतो. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात घर कसं चालतं हा प्रश्न सरकारला विचारावा. दाखल्यावर आकडा खोटा टाकायचा सल्ला आपण कधीही द्यायचा नाही. पुढे वसुली निघाली तर ती आजीच्या दारात येते.

चिठ्ठी

सल्ला तोंडी दिला तर दारापर्यंत टिकतो. म्हणून प्रत्येकाला चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, चार ओळींची. अशी:

मंगळवारी सकाळी ११ च्या आत. तहसील, संजय गांधी शाखा.
सोबत: आधार, पासबुकाचं पहिलं पान, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो. सगळ्याच्या झेरॉक्स.
विचारायचं: "हयातीचा दाखला जमा दिसतो का? नसेल तर आज घ्या."
अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. पुढच्या रविवारी ती प्रत दाखवा.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक विसरतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, तिन्ही हवेत. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" असं उत्तर आलं तर अर्ज ठेवून यायचा नाही. स्पीड पोस्टने पाठवायचा आणि पावती आपल्या प्रतीला टाचायची. माणूस वाचू शकत नसेल तर चिठ्ठी त्याच्याकडून एकदा वदवून घ्या. "कळलं ना?" विचारलं की सगळे मान हलवतात.

झेरॉक्सवर स्वतःची सही करून दिलेली प्रत बहुतेक दाखल्यांना चालते, नोटरीकडे धावायची गरज नसते. सरकारी कार्यालयात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. तरीही तहसीलच्या बाहेर स्टँप पेपर विकत घेऊन बसलेली माणसं रोज दिसतात. एवढं एक वाक्य सांगितलं तरी एखाद्याची मजुरी वाचते.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर

अधिसूचित सेवा असेल (दाखले, रेशनकार्ड वगैरे) तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागतो. मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असते. ती उलटली किंवा अर्ज फेटाळला की ३० दिवसांत पहिलं अपील. बाकीच्या वेळी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात त्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, विषय एकच असावा आणि शब्द दीडशेच्या आत. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पुरावा जोडायचा. नवखे स्वयंसेवक इथे एक चूक हमखास करतात: "पैसे का बंद केले?" असं विचारतात. "का"चं उत्तर फाइलमध्ये नसतं, म्हणून अर्ज सुखाने परत येतो. कागद मागा: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर (आवक क्रमांक अमुक) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचं तिकीट लावून.

कुठे हात आखडायचा

जमिनीची वाटणी, घटस्फोट, फौजदारी गुन्हा: इथे आपलं मत सांगायचं नाही, तालुका विधी सेवा समितीकडे पाठवायचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याचं कलम १२ पाठ असू द्या. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले यांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. बाईचा नवरा चांगला कमावता असला तरी तिला वकील मिळतो, हे खुद्द बायकांनाच कुणी सांगितलेलं नसतं. मोफत विधी सेवेचा फोन १५१००.

काही प्रकरणांत नोंदवही नंतर, तारीख आधी. ऑनलाइन पैसे गेले असतील तर बसल्या जागेवरून लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. तासाभरात केला तर रक्कम पुढच्या खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ती फार कमी होते. चेक वटला नसेल तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस जावी लागते. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं आहेत, म्हणून तिथे घाबरवू नका.

मारहाणीची गोष्ट निघाली तर मध्यस्थी करायची नाही. नवऱ्याला "जरा बोलावून घ्या" म्हणणं हा सगळ्यात धोक्याचा सल्ला. तिच्याशी एकटीशी बोला, ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) हे नंबर पाठ करून घ्या, संरक्षण अधिकाऱ्याचं (घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) नाव सांगा. तिला चिठ्ठी द्यायची की नाही हे तिलाच विचारा. घरी पिशवी तपासली जात असेल तर तो कागद तिच्यावरच उलटतो. आणि केंद्रातून तिच्या घरच्या नंबरवर फोन कधीच जाऊ नये.

पैसे घ्यायचे नाहीत हे सांगायला नकोच. भाजी, कोंबडी, पेढेसुद्धा नाहीत, कितीही वाईट वाटलं तरी. पेढे घेतलेल्याचं काम आधी होतं अशी कुजबुज एका आठवड्यात वस्तीभर जाते. स्वतःचा मोबाइल नंबरही देऊ नका, केंद्राचा द्या.

खोली बंद करायच्या आधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. नोंदवहीत ज्यांच्यापुढे तारीख पडली आहे त्या ओळी लाल पेनाने अधोरेखित करा आणि आठवडाभरात कुणाला कधी फोन करायचा ते कार्बन प्रतीच्या मागे लिहा. पोच न घेता परतलेल्यांची नावं सगळ्यात वर.