एका दिवशी एकच टेकडी

नागपुरात अंबाझरीच्या सकाळच्या फेरीत जो भेटतो तो विचारतो, "मॅडम, ती फ्रान्सची डोंगरावरची गावं किती दिवसांत होतात?" 'होतात' या शब्दाशीच माझं भांडण आहे. चिखलदऱ्याला जाऊन सगळे पॉइंट 'करून' यायची आपल्याला सवय. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघं दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या लुबेरों भागात दहा दिवस राहिलो. पहिल्याच दिवशी मीही चार गावं केली. रात्री फोटो बघताना कुठली गल्ली कुठल्या गावाची, यावरून आमच्यात वाद झाला. तेव्हा नियम केला: एका दिवशी एकच टेकडी.

मुक्कामासाठी टेकडी नको, खालचं गाव धरा. आम्ही आप्तला राहिलो. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून आव्हिन्योंला तेजेव्हे, म्हणजे त्यांची वेगवान गाडी, साधारण पावणेतीन तासांत पोचवते. तिथे स्टेशनवरच भाड्याची कार मिळते. आप्तला बसही जाते, पण टेकड्यांवर जाणाऱ्या बसेस मोजक्याच, आणि आपल्याला हव्या त्या वेळेला तर नाहीच. आप्त दिसायला साधं बाजाराचं गाव आहे. रुसियों, बोन्यो, गोर्द ही टेकडीवरची गावं, तिन्ही तिथून जवळ. शनिवारी सकाळी बाजार भरतो आणि गावातल्या सगळ्या गल्ल्या भरून जातात. पाकातली फळं ही तिथली जुनी खासियत. संत्र्याच्या अख्ख्या चकत्या पाकात मुरवलेल्या पाहून नागपूरकराचा पाय निघत नाही. पाव किलो घ्या, जास्त नको. फार गोड असतं.

गाडीचं आधी नीट समजून घ्या. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. बुकिंग करतानाच ऑटोमॅटिक गाडी मागा, नाहीतर उजव्या हाताने गिअर टाकायची वेळ येते. गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवायची. वर्तुळाकार चौकात आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला. आमच्या ह्यांनी पहिल्या चौकात शंकरनगरसारखं नाक आत घातलं आणि मागून-पुढून हॉर्न ऐकले. दुपदरी ग्रामीण रस्त्यावर पाटी काही वेगळं सांगत नसेल तर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. गावात गाडी नेऊ नका. पायथ्याशी किंवा वेशीबाहेर पार्किंग असतं, बहुतेक ठिकाणी पैसे देऊन. आतल्या गल्ल्या आपल्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांहून अरुंद, वर चढाच्या.

आता मुख्य गोष्ट. टेकडीवरचं गाव आधी समोरून बघायचं, मग आत शिरायचं. गोर्दला काव्हायों गावाच्या बाजूने येताना रस्त्याच्या वळणावर सगळं गाव एकदम समोर येतं: फिकट दगडाची घरं एकावर एक चढवलेली, माथ्यावर किल्ला आणि चर्च. तिथे दहा मिनिटं थांबा. बोन्यो आणि लाकोस्त ही तर समोरासमोरचीच गावं, मधे दरी. एकावरून दुसरं बघता येतं. बोन्यो पोपच्या अखत्यारीत होतं, लाकोस्तमध्ये प्रॉटेस्टंट वळणाचे लोक. १५४५ मध्ये लुबेरोंमधल्या अशा प्रॉटेस्टंट वळणाच्या गावांवर कॅथलिक फौज चालून गेली, कत्तल झाली, लाकोस्तही त्यातून सुटलं नाही. हे माहीत असलं की मधली दरी वेगळी दिसते.

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला की ही माणसं वर कशाला गेली. रामटेकला देऊळ वर आणि वस्ती खाली. इथे वस्तीच वर. अस्थिर काळात उंचावरून शत्रू लांबून दिसे, चढणाऱ्याची दमछाक होई, आणि खालची सपाट जमीन शेतीला मोकळी राही. म्हणून गावाच्या कडेच्या घरांकडे बघा. ओळीने लागलेल्या त्या भिंतींचाच तट झालेला असतो. मग उत्तरेची बाजू बघा. जुन्या घरांना तिकडे खिडक्या जवळजवळ नसतातच, कारण मिस्त्राल नावाचा थंड, कोरडा वारा र्‍होन नदीच्या खोऱ्यातून उत्तरेकडून येतो. चर्चवरच्या घंटेभोवती लोखंडी सळ्यांचा पिंजरा दिसेल. वारा त्यातून आरपार जातो, म्हणून पिंजरा टिकतो. इतकं पाहिलं की दुसऱ्या गावात तुम्हीच बोट दाखवू लागता.

वेळ सांभाळा. सकाळी आठच्या आत वर, अकराला खाली, परत संध्याकाळी सहानंतर. मधल्या वेळेत टूरच्या बसेस येतात. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे संध्याकाळ भरपूर लांब. बोन्योच्या वरच्या जुन्या चर्चला ८६ पायऱ्या आहेत. "काहून चढून राहिलो आपण एवढं?" हे साठाव्या पायरीवर म्हणाले. वर पोचल्यावर समोर मों व्हाँतू हा डोंगर दिसला आणि गप्प बसले. गल्ल्यांत गोटे बसवलेले असतात, घासून गुळगुळीत झालेले. चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट घरी ठेवा.

रुसियोंची तऱ्हा न्यारी. बाकीची गावं फिकट दगडाची, हे गेरूचं. कडे पिवळे, केशरी, लाल, आणि घरांना तोच रंग. त्या मातीत लोहाची संयुगं असतात, रंग त्यांचाच. गेरूच्या कड्यांमधून आखलेली पायवाट आहे, तिकीट लागतं, दोन फेऱ्या आहेत, लांब आणि आखूड. पांढरे बूट घालून जाऊ नका. आमच्या ह्यांचे बूट आजही भगवे आहेत, तीन वेळा धुऊनसुद्धा. मूठभर माती पिशवीत घालायचा मोह होईल, पण तिथून काही नेता येत नाही. आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेट दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपासून लपून याच गावात राहिले होते.

मों व्हाँतूसाठी पूर्ण दिवस द्या. उंची साधारण १९१० मीटर, आणि माथा चुनखडीचा, इतका पांढरा की उन्हाळ्यातही लांबून बर्फ वाटतो. इटालियन कवी पेत्रार्क १३३६ मध्ये हा डोंगर चढून गेला आणि त्याबद्दल त्याने पत्र लिहून ठेवलं. आज माथ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. सो गावाकडून येणारा चढ सौम्य, बेद्वाँकडून येणारा खडा. सायकलवाले बेद्वाँकडूनच घाम गाळत चढतात. त्यांना ओलांडताना घाई करू नका, बाजूला भरपूर जागा सोडा. हिवाळ्यात वरचा रस्ता बर्फामुळे बंद असतो. कपड्यांचा हिशोब साधा: हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आप्तमध्ये ३२ असेल तर माथ्यावर वीसच्या आसपास, आणि मिस्त्राल सुटला की तेही वाटत नाही. मी हे पोरांना वर्गात शेकडो वेळा सांगितलं होतं, तरी पातळ सुती कुर्ता घालून वर गेले. ह्यांची टोपी तर वाऱ्याने थेट दरीत.

पायी फिरायचं असेल तर झाडांवर आणि दगडांवर खुणा रंगवलेल्या असतात: पिवळी पट्टी छोट्या वाटेची, पांढरी-लाल लांब पल्ल्याची. फुली दिसली की वाट चुकली, मागे फिरा. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने काही जंगलं एखाद्या दिवशी बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारा. बोन्योच्या वरच्या डोंगरावर देवदाराचं जंगल आहे, १८६०च्या दशकात उत्तर आफ्रिकेतल्या ॲटलास पर्वतातून आणलेल्या बियांचं. दुपारची सावली हवी असेल तर तेच.

खाण्याचं मात्र मला ठेच लागून कळलं. दुपारी सव्वादोनला आम्ही भुकेले एका टेकडीवर पोचलो. टेबलं मांडलेली, माणसं कॉफी पीत बसलेली, आणि मालकीणबाई म्हणाल्या की स्वयंपाकघर बंद. रागावण्यात अर्थ नव्हता. जेवणाची वेळ बारा ते दोन, नंतर थेट सातच्या पुढे. कारंज्याच्या कट्ट्यावर बसून इतवारीतून नेलेला चिवडा आणि भाकरवडी खाल्ली. कारंज्याचं पाणी पिण्याआधी पाटी वाचा: 'ओ पोताब्ल' असेल तर प्या, मधे 'नों' असेल तर फक्त पाय धुवा. शाकाहारी असाल तर 'सां व्हियाँद, सां प्वासों' पाठ करा, म्हणजे मांस नको, मासे नको. तरीही सॅलडमध्ये 'लार्दों' हा शब्द शोधा. ते डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, आणि तिथे काहींच्या मते ते मांसात मोजायचं नाही. बकरीच्या दुधाचं चीज, बेकरीतला ऑलिव्ह घातलेला पाव, बाजारातली जर्दाळू, यावर दुपार मजेत निघते. दुकानात शिरताच 'बोंजूर' म्हणायचं. न म्हणता भाव विचारला की समोरची बाई तुमचं ऐकूच आलं नसल्यासारखं करते.