ध्वनी आणि आकाराचे नाते कोणाला कसे जाणवते, हे घरच्या घरी कसे तपासावे

निरर्थक शब्दाच्या नुसत्या नादावरून मनात विशिष्ट आकार उभा राहणे, हा ध्वनिप्रतीकात्मकतेचा, म्हणजे ध्वनी आणि अर्थ यांच्या नैसर्गिक नात्याचा, एक प्रकार. मेंदू-संशोधक रामचंद्रन आणि हबर्ड यांनी २००१ मध्ये गाजवलेली ‘बूबा-किकी’ चाचणी याच प्रकारची: दोन आकार दाखवून कोणता ‘बूबा’ आणि कोणता ‘किकी’, असे विचारायचे. पुढे २५ भाषांच्या भाषकांवर झालेल्या अभ्यासात सुमारे ७२ टक्के उत्तरे गोलाला ‘बूबा’ आणि काटेरी आकाराला ‘किकी’ अशी अपेक्षेप्रमाणे आली. माझ्या मते खरे कुतूहल वाटावे ते उरलेल्या उत्तरांचे.

प्रथम सारख्याच मापाच्या कार्डांवर एक टोकदार व एक गुबगुबीत आकार काढावा. शब्द निवडताना घाई करू नये. मानसशास्त्रज्ञ क्योलरने १९२९ मध्ये अशाच चाचणीत टोकदार आकारासाठी वापरलेला ‘टाकेटे’ मराठी कानाला ‘टाके’ असा ऐकू येतो, सुई आठवते आणि उत्तर नादाऐवजी अर्थावरून मिळते. त्यापेक्षा गुबगुबीत आकारासाठी ‘लोमुनो’ आणि टोकदार आकारासाठी ‘केपिटी’ बरे. नेपाळमधील स्युबा भाषकांवर ही चाचणी फसली, तेव्हा चाचणीतले शब्द त्यांच्या भाषेच्या ध्वनिरचनेत बसत नसल्याचे कारण संशोधकांनी पुढे केले. म्हणून प्रत्येकाची मातृभाषा आधी टिपून ठेवावी.

शब्द लिहून दाखवू नयेत, कारण अक्षराचे वळणही मत बनवते. ते एकाच पट्टीत, सावकाश उच्चारावेत. कोणता शब्द कोणत्या कार्डाचा, हे प्रत्येकाला एकट्याला विचारावे, नाहीतर आजोबांनी बोट ठेवले की बाकीचे त्याच कार्डाकडे वळतात. कार्डांची डावी-उजवी बाजू आणि शब्दांचा क्रम दरवेळी बदलावा.

उत्तरानंतर ‘असे कशावरून वाटले?’ हे विचारायला विसरू नये. एकाला ‘ट’ उच्चारताना जिभेचा आघात जाणवतो, दुसऱ्याला रंग दिसतो, तर तिसऱ्याला काहीच जाणवत नाही. दृष्टिहीन व्यक्तींना आकार हाताळायला द्यावेत. त्यांच्यात हा परिणाम क्षीण असल्याचे एका अभ्यासात दिसले आहे, आणि स्वमग्न व्यक्तींबाबतही तसे निष्कर्ष आहेत. मात्र यावरून कोणाचे निदान करू पाहणे सर्वस्वी गैर आहे.

एका जोडीवरून काहीच ठरत नाही. शब्द आणि आकारांच्या आठ जोड्या घ्याव्यात. नुसत्या अंदाजानेही सरासरी चार अपेक्षेप्रमाणे जुळतात, आठही जुळण्याची शक्यता मात्र २५६ मध्ये एक. काही दिवसांनी त्याच व्यक्तीला नव्या जोड्या द्याव्यात, आणि कल तसाच राहिला तरच तो त्या व्यक्तीचा स्वतःचा मानावा.