टायमिंग बेल्ट: ‘आवाज आला की बघू’ आणि इतर महागड्या चुका

ब्रेक पॅड संपत आले की किंचाळतात, क्लच जायला आला की गाडी ओढत नाही. टायमिंग बेल्ट असलं काही करत नाही. सकाळी पहिल्या चावीत चालू झालेली गाडी दुपारी हायवेवर गपकन बंद पडते. तरी ‘आवाज आला की बघू’ म्हणणारे काही कमी नाहीत. आवाज येतो तो बहुधा टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारी पुली) नाहीतर आयडलरच्या (बेल्टला वाटेवर ठेवणारी पुली) बेअरिंगचा. बेल्टच्या रबरात काचतंतूंचे दोर असतात, ते आतल्या आत थकतात. त्यामुळे वरचं कव्हर उघडून मेकॅनिकने दिलेल्या ‘अजून चांगला दिसतोय’ या सर्टिफिकेटलाही फारसा अर्थ नाही.

क्रँक म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनातल्या हवेच्या झडपा) उघडणारा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हा हिशेब बेल्ट राखतो. तो तुटला की कॅम जागीच थांबतो, पिस्टन मात्र गतीमुळे वर येतच राहतात आणि बऱ्याच इंजिनांत उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवणं आलं.

बेल्ट कधी बदलायचा ते मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं असं दोन्ही दिलेलं असेल, तर जे आधी भरेल ते धरायचं. लोक फक्त किलोमीटर बघतात. रविवारपुरती बाहेर निघणारी, नऊ वर्षांत 30,000 झालेली गाडी म्हणूनच धोक्याची: रबर पार्किंगमध्येही म्हातारं होतं. शिवाय सिग्नलला उभ्या गाडीचं मीटर थांबतं, बेल्ट फिरतच असतो.

दुसऱ्याच्या गाडीचा आकडाही वापरू नका. ह्युंदाई आय-टेनच्या 1.1 लिटर इंजिनाला बेल्ट आहे, 1.2 लिटरच्या ‘कप्पा’ (Kappa) इंजिनाला बेल्टऐवजी चेन. गाडीचं नाव एकच, उत्तरं दोन.

जुनी गाडी घेताना तर ‘बेल्ट बदललाय’ या शब्दावर जाऊच नका. बिल मागा आणि त्यावर नीट बघा, कारण एसीचा किंवा अल्टरनेटरचा बाहेरचा बेल्ट बदलूनही लोक मनापासून हेच सांगतात. क्रिस्टाच्या आधीच्या जुन्या डिझेल इनोव्हाच्या मीटरमध्ये टी-बेल्टचा (टायमिंग बेल्टचा) दिवा असतो. तो फक्त किलोमीटर मोजतो आणि बेल्ट न बदलताही विझवता येतो. बिल नसेल तर बेल्ट जुनाच धरा.

आता प्रत्यक्ष काम. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते नुसता बेल्ट बदलून. टेन्शनर आणि आयडलरही तेवढेच चाललेले असतात. पूर्ण किट घ्या. डस्टरच्या 1.5 डिझेलसारख्या इंजिनात वॉटर पंपही याच बेल्टवर फिरतो. पंप नंतर गळाला तर तीच मजुरी पुन्हा द्यायची. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील पाझरत असेल तर तेही आत्ताच, कारण तेल लागलेला नवा बेल्टही टिकत नाही. (फोर्डच्या 1.0 इकोबूस्टचा बेल्ट मात्र तेलातच चालतो. तिथे चुकीच्या ग्रेडचं इंजिन ऑइल हेच त्याचं मरण.)

क्रँक आणि कॅम जागेवर अडकवून धरणाऱ्या लॉकिंग पिना न लावता, जुन्या बेल्टवर खडूच्या खुणा करून काम उरकणाऱ्यापासून लांब राहा. एक दात इकडे तिकडे झाला तरी गाडी चालू होते, पण ओढत नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. बेल्ट चढल्यावर चावी मारण्याआधी क्रँक पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून क्रँक आणि कॅमच्या टायमिंगच्या खुणा परत जुळतात का, हे बघायला तुम्ही स्वतः उभे राहा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. आणि खालचं प्लॅस्टिक कव्हर ‘नसलं तरी चालतं’ म्हणून बाजूला पडलं असेल तर ते बसवून घ्या. पावसाळ्यात चिखल आणि खडी थेट बेल्टवर जाते.

एवढं करूनही, किंवा काहीच न केल्यामुळे, गाडी चालता चालता बंद पडली आणि चावी मारल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, मोकळा फिरल्यासारखा वाटला, तर बेल्ट तुटला असं धरा आणि पुन्हा चावी मारू नका. गाडी ढकलून गिअरमध्ये टाकायची तर अजिबात नाही. प्रत्येक प्रयत्नाला पिस्टन पुन्हा व्हॉल्व्हवर आपटू शकतात. टो करून न्या. लगेच हेड उतरवायलाही होकार देऊ नका: बेल्ट बसवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला सांगा, कारण काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना लागतच नाहीत.