बोहोलला जायचं तर अमावस्येजवळचा रविवार धरा

अमावस्येला प्रवास नको, असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. फिलिपिन्समधल्या बोहोल प्रांतात जाताना मात्र मुद्दाम अमावस्या गाठावी. बोहोल हे एक मोठं बेट आणि भोवताली सत्तरहून जास्त छोटी बेटं. टागबिलारान ही प्रांताची राजधानी आणि तिला दोन पुलांनी जोडलेलं पांगलाव हे पर्यटकांचं बेट. इथला समुद्र, टोपल्या, मीठ, मासळी यांचं वेळापत्रक दोनच गोष्टी ठरवतात: भरती-ओहोटी आणि बाजाराचा वार. हॉटेलातल्या सहलीच्या फलकावर यातलं काहीच नसतं. तिथे फक्त सकाळी किती वाजता निघायचं ते असतं.

आधी कॅलेंडर, मग तिकीट

डिसेंबर ते मे हा कोरडा काळ. त्यातही मार्च-एप्रिलमध्ये समुद्र सहसा शांत असतो. जूनपासून नैऋत्येचा वारा सुरू होतो. त्याला तिथे हाबागात म्हणतात, आणि पांगलावच्या दक्षिण किनाऱ्यावर तो थेट येतो. डिसेंबरचीही खात्री धरू नका. १६ डिसेंबर २०२१ ला ओडेट वादळाने बोहोलला झोडपलं होतं. वादळाचा इशारा लागला की तटरक्षक दल होड्या बंद करतं, म्हणून शेवटच्या दिवशी कुठलंही बेट ठेवू नका.

महिना ठरला की घरचं कालनिर्णय काढा आणि अमावस्येच्या दोन-तीन दिवस मागेपुढे येणारा रविवार शोधा. अमावस्येला ओहोटी मोठी लागते, म्हणून वाळूचे दांडे नीट उघडे पडतात. रात्र काळोखी असते, म्हणून कोर्तेस गावाजवळ आबातान नदीत खारफुटीवरचे काजवे दिसतात. पौर्णिमेला ओहोटी तितकीच मोठी मिळते, पण काजवे चांदण्यात हरवतात. आणि रविवार कशाला, ते पुढे येतंच.

मग टागबिलारान बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर पाहून ओहोटीच्या वेळा वहीत लिहून ठेवा. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

कागदपत्रं

हे चटकन उरकतं. ८ जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सहा महिने मुदतीचा पासपोर्ट, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. मुदत वाढवून मिळत नाही. निघण्याआधी ७२ तासांत ई-ट्रॅव्हल नावाचा सरकारी फॉर्म भरायचा. तो फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा. असे नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाच्या पानावर पुन्हा एकदा पाहा.

मुंबईहून सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे शेजारच्या बेटावरचं सेबू शहर गाठता येतं. तिथून वेगवान बोटीने टागबिलारान साधारण दोन तास. मनिलाहून पांगलावला विमानही आहे, पण सामान फार नसेल तर मी बोटच सुचवेन.

बेटं: दोन निवडा, पाच नकोत

बालिकासाग आणि व्हर्जिन आयलंड ही जोडी सगळेच करतात, आणि करण्यासारखी आहे. दोन्ही बाजूंना तोल सांभाळणाऱ्या बांबूच्या उलांड्या लावलेली होडी, तिला बांगका म्हणतात, पहाटेच पांगलावच्या किनाऱ्यावरून निघते. बालिकासागला समुद्री गवत चरणारी कासवं दिसतात आणि थोडं पुढे गेलं की प्रवाळाची भिंत एकदम खोल उतरते. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून वर तरंगत हे सगळं बघता येतं. कासवाला हात लावायचा नाही, प्रवाळावर पाय टेकायचा नाही.

होडी ठरवताना तीन प्रश्न विचारा. भाडं होडीचं की माणशी? बेटाची फी त्यात आहे का? बालिकासागला पोचल्यावर जी वल्ह्याची छोटी होडी घ्यावी लागते, तिचे पैसे कोण देणार? या तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेकांची वादावादी होते.

व्हर्जिन आयलंड म्हणजे खरं तर वाळूचा वाकडा दांडा. भरतीत तो जवळपास नाहीसा होतो. म्हणून नावाड्याला वहीतली ओहोटीची वेळ दाखवा आणि बेटांचा क्रम त्याप्रमाणे लावून घ्या. तिथे उतरता येतं का, पोहता येतं का, हे आदल्या दिवशीच विचारा. नियम अधूनमधून कडक होतात. त्यामागे एक बिल आहे. २०२२ मध्ये या दांड्यावर मासळी खाल्लेल्या एका गटाच्या हातात २६,१०० पेसोंचं बिल पडलं, त्याचा फोटो देशभर फिरला आणि तिथली विक्री थांबवावी लागली.

दुसऱ्या दिवसासाठी पामिलाकान घ्या. गर्दी कमी आणि गोष्ट मोठी. या बेटावरचे लोक पिढ्यानपिढ्या मांटा रे, म्हणजे मोठी पाकट, आणि देवमासे मारत. बेटाचं नावही त्या शिकारीच्या हुकावरून, ‘पिलाक’वरून, आलं असं सांगतात. १९९८ मध्ये फिलिपिन्समध्ये मांटा आणि व्हेल शार्क पकडण्यावर बंदी आली, तेव्हा त्याच घरांतली माणसं डॉल्फिन दाखवायला लागली. आपण दुर्बीण लावून शोधत असतो आणि सुकाणूवरचा म्हातारा उघड्या डोळ्यांनी नुसतं हनुवटीने दाखवतो. होडी बाक्लायोनहून मिळते.

तुबिगोनसमोरच्या बातासान बेटाचं नाव कुणी सुचवलं तर जरा विचार करा. १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ रिश्टरच्या भूकंपात तिथली जमीन खचली. तेव्हापासून उधाणाचं पाणी घराघरांत शिरतं, लोकांनी घरांच्या जमिनी उंच करून घेतल्या आहेत. अमावस्येला ते दिसेलच. कुणी ओळखीचं नेणार असेल, तिथे राहणार-जेवणार असाल, तर जरूर जा. नुसते पाण्यातल्या घरांचे फोटो काढायला नको.

रविवार सकाळ: आंतेकेरा

टागबिलारानपासून वीसेक किलोमीटरवरचं हे बुरुडकामाचं गाव. रविवारी सकाळी टोपल्यांचा बाजार भरतो. तो लवकर भरतो आणि लवकर उठतो, म्हणून आदल्या रात्री काजव्यांना गेलात तरी पहाटे उठणं भाग आहे. सहा-सातला पोचा. नऊनंतर उरतात त्या व्यापाऱ्यांनी नाकारलेल्या टोपल्या.

बांबू आणि वेत आपल्या ओळखीचे. नवीन दिसेल तो नितो: वेलीसारख्या वाढणाऱ्या नेच्याचं हे देठ. त्याचा तपकिरी-काळा रंग मूळचाच असतो, रंगवलेला नसतो. खात्री करायची तर ओल्या रुमालाने पुसून बघा. रुमालाला रंग लागला तर ती टोपली ठेवून द्या. मग टोपली उलटी करा. विणकराची खरी परीक्षा बुडात होते: पट्ट्या मध्यापासून सारख्या अंतरावर फाकल्या पाहिजेत. आतून तळवा फिरवा, कूस टोचायला नको. काठ दोन्ही हातांनी दाबा. चांगला काठ दबतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. ‘ताग्पिला?’ म्हणजे केवढ्याला. भाव विचारा, थोडं कमी करून मागा, पण भाजीसारखी घासाघीस करू नका. बारीक विणीच्या एका टोपलीत किती दिवस गेले असतील, ते बूड बघितल्यावर कळतंच.

मिठाचं अंडं

आंतेकेरा आणि समुद्र यांच्या मध्ये एक दुपार आल्बुर्केर्केसाठी राखा. इथे ‘आसिन तिबुओक’, म्हणजे अखंड मीठ, करतात. नारळाची सोडणं किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत टाकतात, भरतीचं पाणी त्यांत येत-जात राहतं. काही महिने भिजली की ती तोडून, वाळवून, दिवसच्या दिवस धुमसत जाळतात. ती राख मोठ्या निमुळत्या टोपल्यांत भरून तिच्यातून समुद्राचं पाणी गाळतात. खाली उतरलेलं खारट पाणी मातीच्या मडक्यांत, चुलीवर टांगून, तासन्‌तास आटवतात. पाणी कमी झालं की पुन्हा भर. शेवटी मडकं उष्णतेने तडकतं आणि आत मिठाचा एकसंध, घट्ट, अंड्यासारखा गोळा उरतो. खाली मडक्याचं बूड चिकटलेलंच असतं. तसाच तो विकतात.

चवीला धुरकट, मागून किंचित कडू. किसणीने गरम भातावर किसायचं, वर थोडं तेल. बाकी काही नको. १९९५ च्या कायद्याने मिठात आयोडीन सक्तीचं झालं आणि आधीच किचकट असलेला हा धंदा जवळपास बसला. आता मोजकी घरंच ते करतात, तेही कोरड्या महिन्यांत. म्हणून जाण्याआधी हॉटेलातून फोन करून भट्टी चालू आहे का विचारायला सांगा. बंद भट्टी बघण्यात काही अर्थ नाही.

मासळी: आधी वजन, मग जेवण

पांगलावला संध्याकाळी बर्फावर मासळी मांडलेली असते. बोट दाखवायचं, समोर वजन करून घ्यायचं, किलोचा भाव आणि शिजवणावळ दोन्ही आधी विचारायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं. ते २६,१०० आठवा.

पुढे तीन शब्द पुरतात. सुग्बा: निखाऱ्यावर भाजलेलं. तुला किंवा तिनुवा: आलं-कांदा-गवती चहाचं पातळ सार. किलाव: कच्च्या माशाचे तुकडे व्हिनेगरमध्ये, आलं-मिरचीसह. लापू-लापू म्हणजे आपला हेकरू, तो सारात घ्या. तांगिगे म्हणजे सुरमई, ती किलावमध्ये. माकूल, म्हणजे नोकोस, निखाऱ्यावर. लातो नावाचं हिरव्या मण्यांच्या घोसासारखं समुद्री शेवाळ मिळालं तर सोडू नका. दाताखाली प्रत्येक मणी टचकन फुटतो आणि तोंडभर समुद्र येतो. किलावमधला मासा व्हिनेगरने पांढरा पडतो, शिजत मात्र नाही, म्हणून तो गर्दीच्या ठिकाणी आणि त्याच दिवशीच्या माशाचाच खा.

शिंपल्यांचं वेगळं. टागबिलारान आणि शेजारच्या दाविसच्या समुद्रात ‘रेड टाइड’ची बंदी वारंवार लागते. विषारी सूक्ष्म शैवाल शिंपल्यांत साठतं आणि शिजवूनही ते विष जात नाही. मासे, माकूल, कोळंबी, खेकडे स्वच्छ करून, आतडी काढून शिजवले तर चालतात. शिंपले ताटात येण्याआधी बंदी आहे का, एवढं विचाराच.

मासे न खाणाऱ्यांनी ‘भाजी’ या शब्दावर विसंबू नये. तिच्यात डुकराचं मांस नाहीतर गिनामोस, म्हणजे आंबवलेली मासळी, असू शकते.

उरलेला अर्धा दिवस आणि परतीची बॅग

चॉकलेट हिल्स, म्हणजे कोरड्या दिवसांत तपकिरी होणाऱ्या टेकड्या, आणि टार्सियर, म्हणजे मोठ्या डोळ्यांचं मूठभर आकाराचं माकडासारखं जनावर, एका सकाळीत होतात. टार्सियर कोरेला गावच्या अभयारण्यातच बघा आणि तोंड बंद ठेवा. गोंगाट त्या जिवाला सोसत नाही.

परतताना हाग्ना गावचं कालामाय घ्या: चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळसर साखर घोटून करवंटीत भरलेलं, कडेने लाल कागद चिकटवलेलं. शंख, प्रवाळ, नॉटिलस नावाच्या समुद्री जिवाचं कवच कुणी कितीही स्वस्तात देवो, घेऊ नका, विमानतळावर अडकाल. नितोची टोपली हातात ठेवा, सामानात चेपली की काठ वाकतो. मिठाचं अंडं मात्र तिच्यात नको. ते चेक-इन बॅगेत जाड टॉवेलात गुंडाळा, त्याआधी प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाला. दमट हवेत ते पाणी सोडतं, आणि मुंबईपर्यंत टॉवेल ओला होतो.